वाचकांचे प्रश्न : मी कोणत्या परीक्षांना पात्र आहे?

प्रश्न : मी मराठी माध्यमातून शिकले आणि पुढे बी.कॉम. झाले. माझा जन्म 29 जुलै 1998 चा असून आम्ही इतर मागासवर्गात मोडतो. सरकारी भरतीच्या एवढ्या जाहिराती येतात. त्यांपैकी कोणत्या परीक्षांना मला बसता येईल, हे कसे ठरवावे?
– एक वाचक, डिचोली (गोवा)

उत्तर : पात्रता परीक्षेची नसते, पदाची असते. एकाच परीक्षेतून भरल्या जाणाऱ्या पदांना वयाच्या अटी वेगवेगळ्या असतात आणि वय अर्जाच्या दिवशी नव्हे, तर जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या 2025 च्या संयुक्त पदवीस्तर परीक्षेत ती तारीख 1 ऑगस्ट 2025 होती. कर सहायकासारख्या 27 वर्षांची मर्यादा असलेल्या पदांसाठी जन्म 2 ऑगस्ट 1998 किंवा त्यानंतरचा हवा होता. म्हणजे खुल्या गटातून आपण अवघ्या चार दिवसांनी हुकला असता. मात्र प्राप्तिकर निरीक्षकाची मर्यादा 30 असल्याने त्याच परीक्षेत ते पद आपल्याला खुले होते. सांख्यिकीची पदे तेवढी वेगळी, कारण तिथे नुसती पदवी पुरत नाही.

इतर मागासवर्गाला केंद्रात तीन वर्षांची सवलत मिळते, पण राज्याची यादी आणि केंद्राची यादी या दोन स्वतंत्र याद्या आहेत. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी पाहावे आणि असल्यास केंद्राच्या नमुन्यातला, क्रिमीलेअरमध्ये (म्हणजे मागासवर्गातल्या सधन गटात) मोडत नसल्याचा उल्लेख असलेला दाखला काढावा. कॉलेजच्या प्रवेशावेळी काढलेला दाखला इथेही चालेल असे धरून चालणाऱ्यांची फसगत होते, तीही बहुधा कागदपत्रांच्या पडताळणीत, परीक्षा पास झाल्यावर.

राज्याच्या नोकऱ्यांत वयाची फारशी अडचण नाही, कारण बहुतेक पदांना 45 वर्षांपर्यंत मुभा असते. गट ‘क’ ची पदे गोवा कर्मचारी निवड आयोग भरतो, तर राजपत्रित पदे गोवा लोकसेवा आयोग. येथे खरी अट पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याची आणि कोकणीच्या ज्ञानाची असते. मराठीचे ज्ञान केवळ ‘इष्ट’ म्हणून नोंदलेले असते. 1987 च्या राजभाषा कायद्याने शासकीय कामकाजात मराठीचा वापर करता येतो हे खरे, पण त्यामुळे भरतीतली कोकणीची अट सुटत नाही. घरी कोकणी बोलत असलात तरी मराठी माध्यमातून आलेल्यांनी ती लिहिण्याचा सराव करावा, असे मला वाटते.

बँकांच्या सामाईक परीक्षांत लिपिकासाठी 20 ते 28 आणि अधिकाऱ्यासाठी 20 ते 30 ही वयोमर्यादा आहे. लिपिकाला अर्ज केलेल्या राज्याची भाषा यावी लागते. नागरी सेवा परीक्षेला आपल्या प्रवर्गातून 35 वर्षांपर्यंत नऊ प्रयत्न मिळतात. पूर्व परीक्षेचा एक पेपर दिला तरी प्रयत्न मोजला जातो, तेव्हा नुसते बघायला म्हणून बसू नये.

रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात अर्ज जाहिरातीची वाट न पाहता आताच करावा.