वाचकांचे प्रश्न : मानसावरची खूण आणि समुद्राची पातळी

दिवाडी बेटावरील एक वाचक : अमावास्येच्या भरतीला हल्ली पाणी आमच्या खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधावरून आत येते. समुद्र वाढल्यामुळेच ना? मानसाच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधातील दाराच्या) भिंतीवर खूण करून ही वाढ मोजता येईल का?

मोजता येईल, पण नुसत्या खुणेने नाही. जगातील समुद्राची सरासरी पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने वाढली, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम चार सेंटिमीटर. गोव्यातील मांडवी नदीच्या मुखाशी मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरकच दोन मीटरच्या आसपास असतो. शिवाय गोव्याच्या किनाऱ्यावर सरासरी पातळी ऋतूप्रमाणे दहा-पंधरा सेंटिमीटर वरखाली होते. ती पावसाळ्याच्या शेवटी सर्वांत खाली असते आणि हिवाळ्यात चढते. पावसाळ्यातल्या लाटा पाहून अनेकांना नेमके उलटे वाटते. नदीत वर गेल्यावर मात्र पुराचे पाणी हा हिशेब बिघडवते. म्हणून ऑगस्टची खूण डिसेंबरच्या खुणेशी ताडून पाहू नका.

आधी बांधच तपासा. चिखलमातीचा बांध स्वतःच्या वजनाने दबतो, खेकडे त्याला भोके पाडतात आणि मालवाहू बार्जच्या लाटांनी त्याची माती सुटते. बांध दहा सेंटिमीटर खचला, तर समुद्र तसूभर न वाढताही पाणी आत येणारच.

मोजणीसाठी मानसाच्या नदीकडच्या बाजूला, दारावर नव्हे तर भिंतीवर, सेंटिमीटरच्या खुणा असलेली तीन मीटरची पट्टी बसवा. लाटांमुळे आकडा नाचतो, त्यासाठी शेजारी चार इंची पीव्हीसी पाईप उभा करा. त्याचे खालचे तोंड बंद ठेवून तळाजवळ एकच सेंटिमीटरभर व्यासाचे भोक ठेवा. भोक पाईपच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढे असले की लाटा अडतात आणि भरती आत येते. ते शिंपल्यांनी किंवा गाळाने बुजले की आतले पाणी बाहेरच्यापेक्षा उशिरा चढते व भरतीची उंची कमी दिसते. म्हणून पाईपात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात उतरते, हे दर महिन्याला पाहा.

मानसाची भिंतही खचू शकते. म्हणून पट्टीचा शून्य टेकडीवरच्या पक्क्या कातळावरील खुणेशी जोडायलाच हवा. अंतर लहान असेल तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी चालते. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, मोजणी जाताना व येताना अशी दोनदा करा आणि दरवर्षी तीच पुन्हा करा. लांब अंतराला भूमापनाचे लेव्हल यंत्रच वापरा. हे टाळले, तर तुम्ही समुद्र मोजताय की भिंतीचे खचणे, हे कधीच कळणार नाही. आम्ही याच पायरीला सर्वाधिक महत्त्व देऊ.

फक्त भरतीची उंची लिहून सरासरी पातळी मिळत नाही. त्यासाठी दर तासाची नोंद लागते, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा दाबमापक आला. त्यात दोन खोड्या आहेत. हवेचा दाब त्यातून वजा करावा लागतो. आणि खाऱ्या पाण्याची घनता गृहीत धरलेली असेल, तर पावसाळ्यात गोड्या पाण्यामुळे दोन मीटर खोलीमागे पाच सेंटिमीटरपर्यंत कमी आकडा येतो. वेगळी गोष्ट म्हणजे हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र स्वतःच सुमारे एक सेंटिमीटर चढतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवीकाठी वेरे येथे रडारमापकही बसवला. तो पाण्याबाहेरून मोजत असल्याने घनतेची भानगड उरत नाही.

मडगावच्या एक वाचक : पाणी तापल्यामुळे किती वाढ आणि बर्फ वितळल्यामुळे किती, हे वेगळे कसे काढतात?

तीन स्वतंत्र मापांनी. सुमारे १,३३६ किलोमीटर उंचीवरचे जेसन-३ व सेंटिनेल-६ हे उपग्रह रडारने एकूण उंची मोजतात. ग्रेस ही उपग्रहांची जोडी (२००२-२०१७) आणि २०१८पासूनची त्याची पुढची जोडी गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून समुद्रात किती वस्तुमान वाढले ते सांगते. साधारण ३६० अब्ज टन पाणी म्हणजे एक मिलिमीटर. समुद्रात सोडलेली अर्गो तरंगयंत्रे दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येताना तापमान व क्षारता नोंदवतात, त्यावरून प्रसरण काढता येते. वस्तुमान आणि प्रसरण यांची बेरीज उपग्रहाच्या आकड्याशी जुळली पाहिजे.

२०१६नंतर ती जुळेना. काही अर्गो यंत्रांचे क्षारतामापक हळूहळू चुकीचे आकडे देऊ लागले होते, आणि हवेतील बाष्पाची दुरुस्ती करणारे जेसन-३वरच्या उपकरणाचे आकडेही सरकले होते. तिन्ही मापे वेगवेगळी नसती, तर हे लक्षातही आले नसते.

१९७१ ते २०१८ या काळातील वाढीपैकी सुमारे ५० टक्के पाण्याच्या प्रसरणामुळे, २२ टक्के हिमनद्यांमुळे, २० टक्के ग्रीनलँड व अंटार्क्टिकाच्या हिमस्तरांमुळे आणि ८ टक्के जमिनीवरील पाणीसाठ्यातील बदलांमुळे झाली. अलीकडे बर्फाचा वाटा वाढला आहे.

म्हापशाचे एक वाचक : उपग्रह असताना बंदरातील मापक कशाला?

किनाऱ्यापासून पहिल्या दहा-वीस किलोमीटरांत रडारच्या प्रतिध्वनीत जमीन मिसळते, त्यामुळे तिथले आकडे बेभरवशाचे ठरतात. उपग्रहांवरच्या उपकरणांचे आकडे सरकतात तेव्हा ती चूक पकडतात ते किनाऱ्यावरचेच मापक. शिवाय उपग्रहांची सलग नोंद १९९२च्या उत्तरार्धापासूनची, तर मुंबईची १८७८पासूनची. चंद्राच्या कक्षेमुळे भरतीची उंची १८.६ वर्षांच्या चक्रात बदलते. कल काढायचा तर नोंद त्याहून बरीच लांब हवी.