वाचकांचे प्रश्न : चलान, समन्स आणि कोर्टाची तारीख

प्रश्न : नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावलं, 48 आकडा आला. लायसन्स जमा करून घेतलं. आता कोर्टाचं समन्स आलंय. ओळखीचा एजंट म्हणतो, ‘गुन्हा कबूल करा, दहा हजार भरा, तासाभरात मोकळे व्हाल.’ वकील लावण्याची खरंच गरज आहे का? (पुणे)

उत्तर : एजंट अर्धंच सांगतोय. हेल्मेट किंवा सिग्नलचं चलान आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची केस यांत मोठा फरक आहे. हेल्मेटचा दंड वाहतूक शाखेत भरून प्रकरण मिटवता येतं. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात ती सोय नाही, निकाल न्यायदंडाधिकारीच देतात. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी कैद 2 वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि दंड 15,000 होतो.

एजंट जे सांगत नाही ते असं. कबुली दिली की तुम्ही दोषी ठरता. दोषी ठरलात की कलम 20 प्रमाणे कोर्टाने किमान 6 महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं असतं. ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांना दहा हजारांपेक्षा हे सहा महिने जड जातात. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत शिक्षेचा रकाना असतो, तिथे ही शिक्षा लिहावी लागते. आणि कबुलीनंतर अपिलाचा रस्ता जवळजवळ बंद होतो. फार तर शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा आहे एवढंच वरच्या कोर्टात म्हणता येतं, तेही दंड अगदी किरकोळ असेल तर नाही.

म्हणून पहिल्या तारखेला घाई करू नका. पुकारा झाला की पुढे जाऊन उभे राहा. तुमच्यावर कोणता आरोप आहे हे न्यायाधीश सांगतील आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारतील. ‘कागदपत्रांच्या नकला मिळाव्यात आणि वकील नेमायला मुदत मिळावी,’ एवढं म्हणणं पूर्णपणे तुमच्या हक्कात आहे. नकलांचे पैसे लागत नाहीत. समन्स, आधार कार्ड आणि लायसन्स जमा केल्याची पावती जवळ ठेवा. कोर्ट बसण्याआधी पोहोचा आणि दाराबाहेर लावलेल्या बोर्डावर आपला केस नंबर शोधा. सापडला नाही तर कोर्टातल्या पोलीस अंमलदाराला किंवा लिपिकाला विचारा. पुकाऱ्याला तुम्ही दिसला नाहीत तर गैरहजेरी लागते, भले तुम्ही बाहेर चहा घेत असाल.

नकला हातात आल्या की मशीनची छापील चिठ्ठी बारकाईने बघा. तिच्यावर नाव, गाडी नंबर, तारीख, वेळ आणि रीडिंग असायला हवं. चिठ्ठीवरची वेळ आणि पोलिसांच्या अहवालातली वेळ जुळते का? मशीन शेवटचं कधी तपासून घेतलं, त्याचा दाखला जोडलाय का? तुम्हाला अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का? यात खोट दिसली तर केस लढवण्यात अर्थ आहे. सगळं चोख असेल तर कबुलीचा विचार जरूर करा, पण वकिलाशी बोलून, आणि पहिलाच गुन्हा आहे व घर कशावर चालतं हे लेखी अर्जात मांडून. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा 15100 वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.

प्रश्न : एका जुन्या वाहतूक केसची तारीख चुकली. गावाकडच्या घरी पोलीस वॉरंट घेऊन येऊन गेले. तारीख तर आता उलटून गेली, मग वॉरंटही संपलं ना? (बेळगाव)

उत्तर : नाही संपलं. वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत चालू राहतं. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यातूनच माणसं नको तेव्हा अडकतात. शनिवारी संध्याकाळी पोलीस दारात आले तर कोर्ट बंद असतं आणि धावपळ दुप्पट होते.

आधी वॉरंट कसलं आहे ते बघा. जामीनपात्र असेल तर पोलीस ठरलेल्या तारखेला हजर राहण्याचा बंधपत्र-जामीन लिहून घेऊन सोडतात. अजामीनपात्र असेल तर पोलीस परस्पर सोडू शकत नाहीत, कोर्टापुढेच उभं राहावं लागतं. दोन्हींत शहाणपण एकच : पोलीस येण्याची वाट न बघता वकिलाबरोबर स्वतः हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. पुढची तारीख लांब असेल तर केस त्याच दिवशी बोर्डावर घेण्याचा वेगळा अर्ज लागतो. गैरहजेरीचं कारण कागदासकट द्या : दवाखान्याची फाइल, प्रवासाचं तिकीट, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा. कोर्ट थोडा दंड किंवा नवा जातमुचलका मागू शकतं. रद्द झाल्याच्या आदेशाची नक्कल घेऊन ती पोलीस ठाण्यात पोहोचवा. हे शेवटचं पाऊल बहुतेक जण विसरतात आणि कागदावर मेलेलं वॉरंट ठाण्याच्या फायलीत जिवंत राहतं.

पुढच्या तारखा ई-कोर्ट्सच्या ॲपवर 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक) टाकून घरबसल्या दिसतात. एखाद्या तारखेला येणं शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे.

प्रश्न : माझ्या स्कूटरच्या नंबरवर मुंबईचं चलान आलंय. स्कूटर कधी मुंबईला गेलेलीच नाही. (सांगली)

उत्तर : भरू नका. भरलं की गुन्हा मान्य करून प्रकरण मिटवलं असा त्याचा अर्थ होतो. चलानातला फोटो उघडून नंबर अक्षरागणिक वाचा. 8 आणि बी, 0 आणि डी यांची गल्लत कायम होते. फोटोतली गाडी, रंग, कंपनी तुमच्या आरसीशी ताडून बघा. मग महाट्रॅफिक ॲपवर किंवा वाहतूक शाखेत लेखी तक्रार द्या, सोबत आरसी, आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो आणि त्या दिवशी ती सांगलीत होती याचा पुरावा, उदाहरणार्थ सर्व्हिसिंगचं बिल. तक्रार क्रमांक जपून ठेवा. प्रकरण आधीच व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे चलानांसाठीच्या ऑनलाइन कोर्टात, गेलं असेल तर पोलिसांच्या हातात ते उरत नाही. तिथे दंड भरण्याऐवजी केस लढवण्याचा पर्याय निवडा, म्हणजे ती नेहमीच्या कोर्टात जाते.

फोटोत तुमचाच नंबर स्पष्ट आणि गाडी दुसरीच असेल तर बनावट नंबरप्लेटचा प्रकार आहे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवाच. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बाईक विकली. चलानं अजून मलाच येतात. (नाशिक)

उत्तर : म्हणजे आरसीवर नाव तुमचंच आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे, त्यासाठी फॉर्म 29. फॉर्म 30 नावबदलीच्या अर्जाचा. अपघाताच्या भरपाईत नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे चलान हा इथला लहान धोका आहे. विक्रीच्या कागदाची झेरॉक्स जोडून आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या. आलेल्या प्रत्येक चलानावर गाडी कोणाच्या ताब्यात आहे, त्याचं नाव-पत्ता वाहतूक शाखेला लेखी द्या. कलम 133 प्रमाणे चालकाची माहिती देणं मालकाचं कर्तव्यच आहे.

प्रश्न : लोक अदालतीत सगळी चलानं निम्म्यात मिटतात असा मेसेज फिरतोय, सोबत एक फाइल आहे. (ठाणे)

उत्तर : फाइल उघडू नका. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती फोनमधले ओटीपी चोरण्यासाठी असते. उघडली गेली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि 1930 वर तक्रार द्या. चलान फक्त सरकारी संकेतस्थळावर बघा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं.

राष्ट्रीय लोक अदालत खरी आहे आणि तिथे फी लागत नाही. पण सरसकट निम्मी सूट हा नियम नव्हे, त्या-त्या वेळी काय ठरलंय ते विधी सेवा प्राधिकरणाकडून विचारून घ्या. कलम 185 सारखी तडजोड न होणारी प्रकरणं तिथे मिटत नाहीत. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. त्यामुळे जे चलान चुकीचं आहे असं तुम्हाला वाटतं, ते लोक अदालतीत नेऊ नका.