छोट्या कॉलेजात माजी खेळाडू आणि प्रशिक्षकांचा सन्मान कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या तुमच्या छोट्या कॉलेजात 'हॉल ऑफ फेम', म्हणजे सन्मानितांच्या नावांचा फलक, करायचा आहे, पैसे बेताचेच आहेत, तर मानचिन्ह कसलं द्यावं आणि पाहुणा म्हणून कोणाला बोलवावं. पाहुणा कोणीही चालतो. मानचिन्हाचं पुढे सांगतो. आधी यादी.

यादी चषकांच्या कपाटावरून करू नका. फिरता चषक विजेत्याकडे वर्षभरच राहतो. कपाटात जो दिसतो तो बऱ्याचदा परत करायचा राहून गेलेला असतो, आणि जिंकलेले कित्येक चषक कधीच परत गेलेले असतात. वार्षिकांकातला जिमखान्याचा अहवाल बघा, पण त्यात कप्तानाचं नाव असतं आणि बाकीचे 'इतर'. पक्की नावं मिळतात ती प्रवासभत्त्याच्या व्हाउचरांवर. संघ बाहेरगावी गेला की राखीव खेळाडूनेही सही करून पैसे घेतलेले असतात. ही व्हाउचरं ऑडिट झाल्यावर रद्दीत जातात, म्हणून अकाउंट्समधल्या क्लार्कला आजच गाठा. त्यानंतर स्पर्धेसाठी भरलेले पात्रता अर्ज, त्यांवर फोटोही असतो. हे काहीच उरलं नसेल तर पाटो, पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं चाळा. 'गोमन्तक' १९६२ पासूनचा आहे, 'नवहिंद टाइम्स' १९६३ पासूनचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे निकाल आतल्या पानांवर चार ओळींत सापडतात. गोवा विद्यापीठ १९८५ साली झालं, त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे कोणी मुंबईच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन आलं तर 'हे आपलं नव्हे' म्हणून परत पाठवू नका.

आणि कृपा करून हे नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, करू नका. नॅकला पाच वर्षांचा हिशेब लागतो, मग यादीही पाच वर्षांची होते, जिओटॅग केलेला फोटो निघतो आणि १९७० च्या दशकातला लेफ्ट बॅक घरीच राहतो.

आता प्रशिक्षक. तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो तो या एका शब्दामुळे.

एका कॉलेजच्या फलक समितीत मी होतो. मसुद्यात 'प्रशिक्षक' या रकान्यात दर वर्षी त्या-त्या वेळच्या क्रीडा संचालकांचं नाव होतं, कारण कागदोपत्री संघासोबत तेच जात. फुटबॉलचा संघ मात्र वर्षानुवर्षं घडवला होता मैदानावरच्या शिपायाने. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्याकडे काथ्याची एक दोरी होती, टोकाला लोखंडी खुंटी, ९.१५ मीटरवर लाल चिंधी, ११ वर पांढरी, १६.५ वर निळी. खुंटी पेनल्टीच्या ठिपक्यावर ठोकून लाल चिंधी धरून फिरलं की पेनल्टी बॉक्सबाहेरच्या 'डी'चा कंस, मैदानाच्या मध्यावर ठोकली की त्याच चिंधीने मधलं वर्तुळ. पांढऱ्या चिंधीने गोलरेषेपासून ठिपका, निळीने पेनल्टी बॉक्स. कॉलेजने एकदा नायलॉनची नवी दोरी आणून दिली. ती ओढली की लांबते, म्हणून काकांनी ती कपडे वाळत घालायला लावली. फक्की मारून झाली की हेच काका गोलकीपरला त्या बॉक्समध्ये उभं करून सांगत, कोणत्या चेंडूला कुठवर पुढे यायचं.

समितीचं म्हणणं असं, की नेमणुकीचा कागद नाही, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) प्रशिक्षकाचा डिप्लोमा नाही, म्हणजे प्रशिक्षक नाही. मी म्हटलं, आपल्या कॉलेजात डिप्लोमावाला कधी आला होता? त्यावर उत्तर आलं, की आता शीट छापून झाली आहे. सहा बाय चारची सलग अ‍ॅक्रिलिक शीट. एक नाव घालायचं तर सगळी नव्याने छापा. कार्यक्रमाच्या दिवशी जुने खेळाडू फलकाजवळ क्षणभर थांबले आणि तसेच मागे स्टोअररूमकडे गेले. काका तिथे खुर्च्या मोजत होते.

म्हणून सांगतो, सलग शीट करू नका. प्रत्येक नावाची वेगळी पट्टी करा, दोन्ही टोकांना स्क्रू. चूक झाली तर एक पट्टी बदलते, आणि 'छापून झालं' म्हणायची सोय कोणाला राहत नाही. एक तृतीयांश जागा कोरी सोडा. पितळ घेतलंत तर खाऱ्या हवेने ते काळवंडतं, हिरवं पडतं, आणि पुसायला माणूस नेमावा लागतो. समुद्राजवळ ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर तपकिरी डाग येतात. ३१६ ग्रेडचं महाग असतं, पण पट्ट्या लहान असल्याने परवडतं. व्हिनाइलच्या अक्षरांच्या कडा दोन पावसाळ्यांत सुटायला लागतात, त्यापेक्षा कोरून घ्या. मागची फळी मरीन प्लायची, स्क्रूही स्टेनलेस स्टीलचेच. साधा लोखंडी स्क्रू वापरलात तर पहिल्याच जूनमध्ये नावांवरून गंजाचा ओघळ येतो. चिऱ्याच्या भिंतीत ओल असते, तेव्हा फळी भिंतीला चिकटवू नका, मागे इंचभर पोकळी ठेवा. पावसाच्या माऱ्याची पश्चिमेची भिंत तर नकोच.

मानचिन्हाचं तुम्ही विचारलंत. काचेचा ठोकळा नको, त्यावर कॉलेजचं नाव मोठं असतं आणि खेळाडूचं लहान. संघाचा जुना फोटो द्या. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की ८ बाय १२ चा स्वच्छ प्रिंट निघतो. फोटो दमटपणाने फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, चेहरे काचेवर राहतात. काचेसकटच स्कॅन करा. ज्यांनी रोजंदारीवर संघ सांभाळला त्यांना शालीऐवजी चेक द्या. शाली त्यांनी दुसऱ्यांच्या खांद्यावर पुष्कळ पाहिल्या आहेत.

तारीख नाताळाच्या सुट्टीतली धरा, आखातातले आणि इंग्लंडमधले तेव्हा घरी असतात. चतुर्थीलाही येतात, पण तेव्हा घर सोडून कोण येणार? जुन्या फुटबॉलपटूंचे गुडघे गेलेले असतात. स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नसेल तर प्राचार्यांनी खाली उतरून सन्मान करावा. प्रत्येकाची साठ-सत्तर शब्दांची ओळख लिहून ठेवा आणि निवेदकाला आदल्या दिवशी एकदा वाचायला लावा. प्रदर्शनीय सामना ठेवणार असाल तर सात-सात जणांचा, पंधरा मिनिटांचे दोन डाव, सकाळी आठच्या आत. मैदानाशेजारी गाडी आणि डॉक्टर हवेत.

उशीर झाला म्हणून संकोचू नका. भारताचे गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर यांना अर्जुन पुरस्कार १९९७ साली मिळाला, खेळ थांबवल्यावर कितीतरी वर्षांनी, आणि पद्मश्री २०२२ मध्ये. प्रशिक्षक आर्मांडो कुलासो यांनी गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, शेवटचं २०११-१२ च्या मोसमात. त्यांच्या वाट्याला प्रशिक्षकांचा द्रोणाचार्य पुरस्कार आला तो २०२४ चा. प्रशिक्षकाचा नंबर देशातही शेवटीच लागतो.

हेही सांगायला हवं, की काही कॉलेजांत क्रीडा संचालकच खरोखर पहाटे पाच वाजता मैदानावर असतात. तिथे त्यांचंच नाव हवं. एकाच्याच आग्रहाने नाव घालू नका, माझ्यासारख्याच्याही नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या तीन खेळाडूंनी लेखी सांगितलं की घाला, कागद असो-नसो.

पट्टी कोरायला देण्याआधी प्रत्येकाकडून नाव त्याच्या हस्ताक्षरात लिहून मागवा, देवनागरी आणि रोमन दोन्ही. जुन्या दाखल्यावर स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं असतं, आधारवर वेगळंच. मुलींची नावं कॉलेजच्या कागदांत माहेरची आहेत. पट्टीवर कोणतं हवं ते त्यांनाच विचारा, नवऱ्याला फोन करून नव्हे.