मी मुलगीच आहे का, हे नक्की कळत नाही. पंचवटीत एकत्र, सोवळ्याओवळ्याचं घर आहे. घरी सांगावं का?

आज सांगायलाच हवं असं काही नाही. आधी स्वतःशी बोलून बघा.

मीही नाशिकचाच, अशाच घरातला. माझी गोची मराठीनेच उघडी पाडली. ‘जाते’ म्हणताना जीभ अडखळायची. मग लक्षात आलं की ‘मला जायचंय’, ‘मी येईन’, ‘मी केलं’ यात लिंग कळतच नाही. दोन वर्षं घरात तसंच बोललो, कुणाला पत्ता नाही! वहीत मात्र ‘मी जातो’ लिहायचो. तुम्हीही लिहून बघा. हलकं वाटतं की उसनं, ते तुमचं तुम्हालाच कळेल. उत्तर यायला वेळ लागला किंवा ते बदललं, तरी काही बिघडत नाही. वही घरात ठेवू नका, एवढंच. आमच्याकडे माळा आवरताना सापडली होती.

कुणी ‘बरं करणाऱ्या’ बाबाकडे किंवा डॉक्टरकडे न्यायला निघालं तर ठाम नकार द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत लिंगओळख वेगळी असणं हा मानसिक आजार नाही. २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयानेही स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे.

फारच कोंडमारा झाला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. गच्चीवरून नको, आवाज खाली जातो; गोदाघाटावर संध्याकाळी जा, तिथल्या गलक्यात कोण ऐकतंय.

घरी सांगाल तेव्हा आधी एकालाच. शिक्षण किंवा पगार घरच्यांच्या हातात असेल, तर थांबणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. मी पहिल्यांदा आत्याला सांगितलं, आईला चार वर्षांनी.