मांडीतल्या गाठीचा रिपोर्ट 'सार्कोमा' आलाय. फोनवरून योग्य डॉक्टरपर्यंत कसं पोहोचायचं?

तुम्ही लिहिलंय की काका लातूरला आहेत, बायोप्सी तिथेच झाली, आणि कॅन्सर हॉस्पिटलला फोन केला की डॉक्टरऐवजी सिस्टरच प्रश्न विचारत बसते. तिला टाळू नका. पेशंटला किती लवकर बघायचं आणि कोणत्या टीमकडे पाठवायचं, हे ती ठरवते. टाटा मेमोरियलमध्ये डॉक्टरांचे गट कॅन्सरच्या प्रकाराप्रमाणे आहेत. सार्कोमा म्हणजे हाड, स्नायू, चरबी अशा भागांत होणारा कॅन्सर. तो 'बोन अँड सॉफ्ट टिश्यू'वाल्यांकडे जातो. नुसतं 'मांडीला गाठ आहे' म्हणालात तर चुकीच्या ओपीडीची तारीख मिळून आठवडे वाया जाऊ शकतात.

फोन करताना रिपोर्ट समोर ठेवा आणि 'इम्प्रेशन' म्हणजे निष्कर्षाखालची ओळ जशीच्या तशी वाचा, अडलं तर स्पेलिंग सांगा. 'स्पिंडल सेल लीजन' लिहिलंय म्हणजे सार्कोमाच, असं नव्हे. ते फक्त पेशींच्या आकाराचं वर्णन आहे, साध्या गाठीतही तशा पेशी दिसतात. मग एमआरआयमधली तिन्ही मापं सांगा, आणि गाठ कातडीखाली आहे की स्नायूत खोल. ५ सेंमीहून मोठी, खोल किंवा वाढत जाणारी गाठ असेल तर ते सिस्टरने विचारायची वाट न बघता सांगा. काका शेजारी बसलेले असू द्या. संमती त्यांची लागते, आणि कधीपासून दुखतंय ते त्यांनाच माहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आधीच्या ऑपरेशनचा. चरबीची गाठ समजून गावातच काढली जाते आणि नंतर रिपोर्ट सार्कोमाचा येतो. तसं झालं असेल तर अजिबात लपवू नका. ऑपरेशन नोट, आडवा छेद की उभा, ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) कुठून काढला, हे सगळं कामाचं आहे, कारण पुन्हा ऑपरेशन करताना तो सगळा भाग काढावा लागतो. गाठ अजून तशीच असेल तर फोन होईपर्यंत कुणालाही ती काढू देऊ नका. दुसरी बायोप्सी लागलीच तर ज्या टीमकडे ऑपरेशन आहे तिच्या सल्ल्यानेच होऊ द्या. सुईची वाट पुढच्या छेदाच्या रेषेत यावी लागते.

पुढचा प्रश्न येतो ब्लॉकचा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, तो लॅबकडे असतो. लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड (त्याचे काप लावलेल्या काचपट्ट्या) दोन्ही मागा. नुसत्या स्लाइडवर भागत नाही, कारण आयएचसीसाठी, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून कॅन्सरचा नेमका प्रकार ओळखायच्या तपासणीसाठी, ब्लॉकमधून नवे काप घ्यावे लागतात. मे महिन्यात ब्लॉक बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. एमआरआयची सीडीच द्या. ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मच्या व्हॉट्सॲप फोटोत गाठ रक्तवाहिनीला चिकटलीय की नाही ते कळत नाही.

पायातली ताकद गेली, लघवी अडली, दम लागला, रक्त थांबेना, किंवा केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर हॉस्पिटलच्या फोनची वाट बघू नका. जवळच्या कॅज्युअल्टीत जा आणि तिथून फोन करा.

फोन ठेवण्याआधी टीमचं नाव, तारीख आणि ब्लॉक कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे रिपोर्टच्याच मागे लिहून घ्या.