जागलीवरचे प्रश्न : मीरा तारा आणि श्वेत बटू

प्रश्न : हरबऱ्याच्या वावरात रानडुकरांपायी रोज रातच्याले जागलीले असतो. गेल्या हिवाळ्यात कृत्तिकेच्या खालतं एक लालसर तारा चांगला दिसे. औंदा तो जागेवर नाही. तारा मेला का?
— एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : मेला नाही, उतरला आहे, म्हणजे मंदावला आहे. वर्णनावरून हा तिमिंगल तारकासमूहातला मीरा. (मीराबाईशी संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मीरा’ म्हणजे अद्भुत.) १५९६ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड फाब्रिसियस या जर्मन निरीक्षकाने तो पाहिला आणि त्यालाही तुमच्यासारखंच वाटलं, की नवा तारा उगवला आणि विझला. तो ठरावीक काळाने परत येतो हे १६३८ नंतर होलवार्डा या डच खगोलशास्त्रज्ञामुळे कळलं.

हा काळ सरासरी ३३२ दिवसांचा. सुमारे चार महिने तारा चढतो, सात महिने उतरतो. वर्षापेक्षा हे ३३ दिवस कमी, म्हणून उजळ काळ दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो. समजा यंदा १० जानेवारीला तो सर्वांत उजळ असला, तर पुढचा शिखरकाळ ८ डिसेंबरच्या आगेमागे. आठवडा-दोन आठवडे इकडेतिकडे होतंच. सरकत सरकत हा काळ एप्रिल-मेमध्ये गेला की सूर्याच्या झगमगाटात हरवतो, आणि अशी दोन-तीन वर्षं शिखर हाती लागत नाही.

आता तो शोधा. डिसेंबरच्या मध्यावर रात्री सव्वानऊच्या सुमारास मीरा विदर्भात दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर असतो. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश. कृत्तिकेपासून दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, दोन मुठींहून थोडं जास्त गेलात की मेनकार हा तांबूस तारा लागतो. तिथून नैऋत्येला तिमिंगलातलेच दोन तारे, आधी गॅमा, मग डेल्टा, आणि डेल्टापासून तीन बोटांहून थोडं पुढे मीरा. १० बाय ५० च्या दुर्बिणीत डेल्टा आणि मीरा एकाच वर्तुळात जेमतेम मावतात. तोच तारा आहे ना, याची ही सोपी खूण.

नोंद ठेवायची तर नुसतं ‘दिसला’ लिहून उपयोग नाही, प्रत (ताऱ्याच्या तेजाचा आकडा) लिहा. आकडा मोठा तितका तारा मंद, हे लक्षात असू द्या. मेनकार २.५, गॅमा ३.५, डेल्टा ४.१. मीरापेक्षा एक उजळ आणि एक मंद तारा निवडा आणि मीरा मधे कुठे बसतो ते ठरवा. गॅमा आणि डेल्टाच्या बरोबर मधोमध वाटला तर ३.८. सोबत तारीख, वेळ, तुलनेचे तारे आणि आकाशाची स्थिती. दहा दिवसांतून एक नोंद पुरते, रोजची गरज नाही. ‘एएव्हीएसओ’ ही १९११ पासूनची अमेरिकन संस्था हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी जमवते.

यात हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे रंग. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो डोळ्यात ‘चढत’ जातो आणि नोंद अर्ध्या प्रतीने चुकते. म्हणून ओझरतं पाहा, नजर लगेच तुलनेच्या ताऱ्यावर न्या, पुन्हा आणा. दुर्बीण असेल तर फोकस थोडा बिघडवा. सगळे तारे छोट्या चकत्या दिसू लागले की तुलना सोपी जाते. टॉर्चला लाल जिलेटीनचे दोन पदर बांधा आणि मोबाइल खिशातच ठेवा, एकदा पडदा उजळला की डोळे अंधाराला सरावायला पुन्हा वीस मिनिटं जातात. धुवारी पडली किंवा कुठे पऱ्हाट्या पेटवल्या असतील, तर त्या रात्रीची नोंद करूच नका. क्षितिजाजवळचे तारे आधीच मंदावलेले असतात, त्यात धुराची भर. हात थरथरत असेल तर दुर्बीण माळ्याच्या खांबाला टेकवा. काचेवर दव आलं तर दुपट्ट्याने पुसू नका, त्यातल्या धुळीचे ओरखडे कायमचे राहतात.

प्रश्न : मीरा नवव्या प्रतीपर्यंत उतरतो असं वाचलं. नुसतं फुगल्या-आकसल्याने इतका फरक कसा पडेल?
— जि. प. शाळेतील शिक्षक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : नुसत्या आकाराने पडत नाही, शंका रास्त आहे. साधारण तिसरी ते नववी, हा सहा प्रतींचा फरक म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाश अडीचशे पट कमी-जास्त. पण ताऱ्याची एकूण ऊर्जा तेवढ्यात दुप्पट-तिप्पटच बदलते.

बाकीचा खेळ तापमानाचा. मीराचा पृष्ठभाग मुळात ३००० केल्विनच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या निम्माच. तो फुगून आणखी थंड झाला की बराच प्रकाश अवरक्त होतो, म्हणजे डोळ्याच्या कामाचा राहत नाही. वर या थंडाव्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू तयार होतात (पेंटच्या डब्यातल्या पांढऱ्या भुकटीचा हा जवळचा नातलग) आणि ते उरलासुरला दृश्य प्रकाशही गिळतात. तारा पुन्हा तापला की रेणू तुटतात, पडदा सरकतो. तेव्हा वर्गात ‘सर्वांत फुगलेला म्हणजे सर्वांत उजळ’ असं सांगू नका, तो उजळ दिसतो तापल्यावर.

प्रश्न : असा तारा पुढे श्वेत बटू होतो म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या हयातीत काही बदल दिसेल का?
— विद्यार्थिनी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : मीराच्या पोटात कार्बन-ऑक्सिजनचा घट्ट गाभा तयार झालेला आहे. गाभ्याभोवती हेलियमचं कवच, त्याबाहेर हायड्रोजनचं, आणि त्यावर इतकं फुगलेलं आवरण, की सूर्याच्या जागी हा तारा ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या आत जाईल. स्पंदनाच्या (फुगण्या-आकसण्याच्या) प्रत्येक धक्क्याने वरचा वायू उचलला जातो, गार होतो, त्यात धुळीचे कण गोठतात. ताऱ्याचा प्रकाश त्या धुळीला बाहेर लोटतो आणि धूळ वायूला ओढत नेते. स्पंदन थांबलं तर ही गळती मंदावेल, इतका दोघांचा संबंध घट्ट. सध्या मीरा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण एक कोट्यंश गमावतो, म्हणजे तीसेक वर्षांत एक पृथ्वी. २००७ साली गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीच्या अतिनील चित्रांत त्याच्यामागे १३ प्रकाशवर्षं लांबीची शेपटी सापडली, ती याच गळतीची.

शेवटी ही गळती कित्येक पटींनी वाढते. आवरण झिजून सूर्याच्या वस्तुमानाच्या शंभराव्या भागाएवढंही उरलं नाही की तारा आकसून तापू लागतो आणि स्पंदनं संपतात. पृष्ठभाग ३०,००० केल्विनच्या घरात गेला की अतिनील किरणांनी आधी सांडलेला वायू झळकतो. ही बिंबाभ्रिका. (‘प्लॅनेटरी नेब्युला’ या इंग्रजी नावात ग्रह आहे, प्रत्यक्षात ग्रहाशी काडीचा संबंध नाही.) काही हजार वर्षांत ती विरते आणि मधे उरतो श्वेत बटू, पृथ्वीएवढा पण सूर्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त वस्तुमानाचा. त्याचा चहाचा एक चमचा तुमच्या बाजार समितीच्या काट्यावर पन्नासेक क्विंटल भरेल. आत इंधन जळत नाही, साठलेली उष्णता अब्जावधी वर्षं झिरपत राहते.

हयातीतल्या बदलाचं म्हणाल, तर वासुकी तारकासमूहातला आर हायड्रा पाहा. हाही मीराच्याच जातीचा. १७०० च्या सुमारास त्याचा आवर्तकाळ ४९५ दिवसांचा होता, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो ३८५ दिवसांपर्यंत घसरला. हेलियमचं कवच मधूनच भडकून मंदावतं, त्याचा हा परिणाम असावा असं मानतात. मेच्या मध्यावर रात्री दहाला तो दक्षिणेत ४५ अंशांवर असतो, गॅमा हायड्राच्या शेजारी, थोडा पूर्वेला.

प्रश्न : शाळेत तीन इंची दुर्बीण आली आहे. तिच्यातून श्वेत बटू दिसेल? व्याधाचा साथीदार पाहण्याचा बेत आहे.
— ता. लोणार, जि. बुलढाणा

उत्तर : व्याधाचा बेत सोडा. साथीदार ८.४ प्रतीचा आहे खरा, पण शेजारचा व्याध त्याच्या नऊ हजार पट प्रखर आणि अंतर जेमतेम ११ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तीन इंचीत फक्त झगमगाट दिसेल आणि मुलं हिरमुसतील.

त्याऐवजी यमुना तारकासमूहातला ४० एरिडानी घ्या. मृगातल्या राजन्याच्या पश्चिमेला दीड मूठ अंतरावर साध्या डोळ्यांना दिसणारा ४.४ प्रतीचा तारा. आधी कमी शक्तीच्या नेत्रिकेने (डोळ्याकडच्या भिंगाने) तो मध्यभागी आणा, मग शक्ती ५०-६० पटींवर न्या. ८३ विकलांवर ९.५ प्रतीचा फिकट ठिपका दिसतो, तोच श्वेत बटू, १६ प्रकाशवर्षांवरचा. चंद्र नसलेली रात्र निवडा आणि ग्रामपंचायतीचे एलईडी दिवे आड येतील तर भिंतीची सावली धरा. ठिपका नाहीच दिसला, तर नजर किंचित बाजूला ठेवा. डोळ्याची कड अंधारात जास्त तेज असते. त्याच्या जवळ ११ व्या प्रतीचा एक तांबडा बटूही आहे, पण तो तीन इंचीत धरू नका, त्याला सहा इंची लागेल.