वाचकांचे प्रश्न: मॉन्टी डॉन, त्यांचा कुत्रा आणि आपल्या कुंड्या

मॉन्टी डॉन सादर करतात त्या बीबीसीच्या 'गार्डनर्स वर्ल्ड' या बागकामाच्या कार्यक्रमाबद्दल तुमची मतं मागवली होती, पत्रं भरपूर आली, काही कौतुकाची आणि काही चांगलीच तापलेली. त्यातली चार घेतोय.

प्रश्न (लेस्टर): आम्ही शुक्रवारी सगळे मिळून बघतो. पण सासरे म्हणतात जेफ हॅमिल्टनच्या वेळी खरं शिकायला मिळायचं, आता अर्धा वेळ कुत्रा आणि अर्धा वेळ नुसते सुंदर शॉट्स. तुम्हाला काय वाटतं?

सासऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये. कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे आणि हॅमिल्टननी १९७९ ते १९९६ तो सांभाळला, रटलँडमधल्या बार्न्सडेलच्या बागेतून. महागडी वस्तू घरच्या घरी स्वस्तात कशी करायची हे ते करून दाखवायचे, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच वाटायचं की हे मलाही जमेल. मॉन्टी डॉन त्या मानाने संथ आहेत, बोलता बोलता मध्येच थांबून नुसतं झाडाकडे बघत राहतात. पण मला तेच आवडतं, कारण बागेत निम्मं काम बघण्याचंच असतं. पान कुठून पिवळं पडतंय, खालून की शेंड्याकडून, हे बघायला वेळ देणारा दुसरा कुठला कार्यक्रम आहे सांगा. आणि कुत्र्याचं म्हणाल तर नायजेल २०२० मध्ये गेला तेव्हा कित्येक प्रेक्षकांना घरचंच कोणी गेल्यासारखं झालं होतं, त्यामुळे ते राहू द्या.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मॉन्टींची हेरफर्डशरमधली ती लाँगमेडोची बाग दोन एकरांच्या आसपास, आणि बघणाऱ्याकडे चार कुंड्या! पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चित्रीकरणाच्या युनिटला फिरता येईना म्हणून लोकांनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेले बागेचे व्हिडिओ दाखवायला लागले, कुणाची गॅलरी, कुणाचं छोटंसं मागचं अंगण, आणि तो भाग पुढेही चालू ठेवला. अलीकडच्या काळातली या कार्यक्रमाची सगळ्यात चांगली गोष्ट हीच असं मी ठामपणे म्हणेन.

प्रश्न (नाशिक): मॉन्टी डॉन या माणसाने बागकामाचं शिक्षण घेतलेलं नाही असं वाचलं. मग लोक त्याचं का ऐकतात?

खरं आहे, केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकले, मग बायकोबरोबर दागिन्यांचा व्यवसाय केला आणि तो बुडाला. त्यांच्या आधीचे ॲलन टिचमार्श लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात रीतसर शिकलेले. पण मॉन्टींच्या बागेत बॉक्स नावाच्या झुडपांच्या कुंपणांना बुरशीचा रोग लागला तेव्हा त्यांनी तो लपवला नाही, वर्षानुवर्षं जपलेली ती झाडं काढावी लागली हेही प्रेक्षकांना दाखवलं. म्हणूनच माझा विश्वास बसतो.

प्रश्न (ठाणे): युट्युबवर क्लिप्स बघून त्यांच्याच वेळापत्रकाने मे महिन्यात टोमॅटोची रोपं बाहेर लावली आणि डेलियाचे कंदही तेव्हाच. टोमॅटोला फुलं आली आणि गळली, कंद पावसात सडले. मग हा कार्यक्रम आपण बघायचाच कशाला?

बघा, पण महिना त्यांचा घेऊ नका. तिकडे मे संपेपर्यंत थांबतात ते रात्रीच्या हिमाच्या भीतीने. आपल्याकडे हिम नाही, आपले शत्रू दोन, एप्रिल-मेचं ऊन आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. रात्रसुद्धा तापलेली राहिली की टोमॅटोची फुलं गळणारच, तुम्ही खत कितीही घाला. बाल्कनीत टोमॅटो पावसाचा जोर ओसरल्यावर लावा, थंडीत छान धरतात. डेलियाचंही तसंच, तिकडे तो उन्हाळ्यात फुलतो आणि हिमाने पानं काळी पडली की कंद उकरून ठेवतात, आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायचा म्हणजे थंडीत फुलतो आणि पावसाळ्याआधी कंद काढून कोरड्या जागी ठेवायचे.

जे जसंच्या तसं घेता येतं ते म्हणजे पानांचं खत. मॉन्टी पडलेली पानं बारीक करून, ओली करून जाळीच्या कप्प्यात रचून ठेवतात, वर्षभरात काळं, भुसभुशीत, पावसाळी रानासारखा वास येणारं खत तयार. आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चची, तेव्हा सोसायटीत झाडलोट करून पानं पेटवतात, बघून जीव तुटतो. तीच पानं गोणपाटात दाबून भरा, पाणी मारा, आठवड्याला एकदा ओलावा तपासा, पुढचं काम पावसाळा करतो.

प्रश्न (पुणे): मॉन्टी सतत पीट वापरू नका म्हणतात. आपण तर कोकोपीट वापरतो, ते पण वाईट का?

नाही, नावात पीट असलं तरी दोन्ही वेगळ्या गोष्टी. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, तो साचतो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे हातभर थर उकरला तर शेकडो वर्षांचं साचलेलं गेलं आणि त्यात अडकलेला कार्बन हवेत. हॅमिल्टनसुद्धा याविरुद्ध बोलायचे. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा, तोच भारत-श्रीलंकेतून ब्रिटनला जातो आणि तिकडच्या कुंडीत भरायच्या पीट नसलेल्या मिश्रणात पडतो. फक्त कोकोपीटची दाबलेली वीट भिजवल्यावर ते पाणी टाकून द्या, पुन्हा दोनदा धुवा, कारण त्यात मीठ राहिलेलं असतं आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात. आणि नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नसतं, निम्मं तरी शेणखत किंवा गांडूळखत घालाच.